फोन उठवणारी श्रुतिका

मालाडच्या मासळी बाजारात कुणालाही विचारा, या जोसेफीनच्या तोंडाला झाकण नाही असंच सांगतील. नसेना! मासे विकायचे तर बोलावंच लागतं. गप्प बसून कोण कुणाचा बोंबील घेतो? पण गेल्या जुलैमध्ये श्रुतिकाच्या गाळ्यासमोर मी सव्वा तास गप्प बसले होते. ते कसं झालं, ते सांगते.

श्रुतिकाचा गाळा माझ्या टोपलीच्या मागेच, जिन्याखाली आहे. गाळा कसला, कपाट! ती आत बसली की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. फोन दुरुस्त करते. आजोबा कणकवलीकडून गिरणीत आले, गिरणी बंद पडली, मग ही मंडळी कुरारला खोली घेऊन राहिली. बाप एका सोसायटीत वॉचमन होता. हिने आयटीआय केलं आणि कुठल्याशा सर्व्हिस सेंटरला लागली. तिथली पद्धत एकच. फोन चालू होत नाही? पुसून द्या. माणूस समोर रडतोय? तरी पुसून द्या. दोन वर्षांत ही साहेबाशी भांडून बाहेर पडली. तापट आहे माझ्यासारखी, फक्त हिचा आवाज चढत नाही, भुवई चढते.

सुरुवातीला लोक यायचे आणि विचारायचे, "दुरुस्तीवाले भाऊ कुठे गेले?" ही मान वर न करता म्हणायची, "भाऊ गावाला गेलेत, बारा वर्षं येणार नाहीत. फोन दाखवा." मी इकडे पदर तोंडाला लावून हसायचे.

तिची एक सवय आहे. फोन हातात घेतला की काय बिघडलंय ते नंतर, आधी विचारणार, "आत काय आहे?" आणि जे उत्तर येईल ते कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून फोनच्या पाठीवर लावणार. 'बारशाचे फोटो.' 'बारावीच्या नोट्स.' एकावर तर 'सासूचे मेसेज, कोर्टात दाखवायचे' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "हे कशाला गं?" तर म्हणाली, "आंटी, तिकडे मी दोनशे फोन पुसलेत. आत काय होतं ते एकाचंही विचारलं नव्हतं."

आता माझ्या नवऱ्याचं सांगते. जॉनी आमचा मढ कोळीवाड्याचा, जन्मापासून बोटीवर. समुद्रात कुठे खडक आहे, कुठे जाळं फाटतं, कुठे कधी घोळ मासा लागतो, या खुणा त्याला बापाने शिकवल्या. किनाऱ्यावरचा चर्चचा क्रूस आणि टेकडीवरचा ताड एका रेषेत आले की इथे थांबायचं, असं सगळं. मग मध्ये टॉवर उभे राहिले आणि क्रूस दिसेनासा झाला. तेव्हा हा समुद्रात एकेका खुणेपाशी बोट नेऊन फोनमध्ये जागा टिपत गेला. सहा वर्षांत दोनशे अकरा खुणा. जागा जवळ आली की फोन वाजतो. सख्ख्या भावाला त्याने एक दाखवली नाही. पोरगा ॲलन बोटीवर बरोबर असतो, त्याला म्हणतो वेळ आली की देईन. मला तर नाहीच. बाजारात बसणाऱ्या बायकोला सांगायचं म्हणजे दवंडीच की! आणि बॅकअपचं नाव काढलं की खवळायचा. "वर आभाळात ठेवू? म्हणजे उद्या अख्खा कोळीवाडा माझ्या खडकावर!" ते बटण त्याने स्वतःच्या हाताने बंद करून टाकलं होतं.

त्यात साखरेने त्याचे डोळे खाल्ले. समोर कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखतो. पण कबूल करेल तर शपथ! "चष्म्याचा नंबर बदललाय," हे मी चार वर्षं ऐकतेय. म्हणजे फोनमधल्या खुणा गेल्या असत्या तर त्या पुन्हा टिपणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. बापाकडून आलेलं सगळं तिथेच संपलं असतं.

आणि फोनची वाट लावली कुणी? मी!

पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून बोटी निघायला आठवडा राहिला होता. फोन रोज विचारायचा, नवीन सिस्टीम टाकू का, टाकू का. मी वैतागून बोंबलाच्या हाताने 'हो' दाबलं. फोन बंद झाला, कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथेच थिजला. बॅटरी मरेपर्यंत तेच. चार्ज करून पुन्हा लावला, पुन्हा तेच. हायवेजवळच्या एका दुकानदाराने एकदा चालू करून बघितला आणि म्हणाला, "फॉरमॅट." जॉनी तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्याला हाताला धरून श्रुतिकाकडे आणला. तिने विचारलं, "आत काय आहे?" जॉनीने मान फिरवली. मीच म्हटलं, "त्याचा समुद्र आहे गं आत." तिने पट्टीवर तेवढंच लिहिलं. मग तिने बटण दाबलं नाही, नुसती फोनकडे बघत बसली.

"आंटी, बटण दाबतो ना, त्या क्षणी फोनला काहीच माहीत नसतं. आपल्याला पडदा आहे हे माहीत नसतं, मेमरी आहे हे माहीत नसतं. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एवढासा प्रोग्रॅम असतो, तेवढाच जागा होतो. तो कुणाला बदलता येत नाही, बनवणाऱ्यालाही नाही. तो पुढच्याची सही तपासतो, खरी असेल तरच त्याला उठवतो. तो पुढचा म्हणजे बूटलोडर. बूटलोडर सिस्टीमची सही तपासतो, तिला उचलून मेमरीत ठेवतो, म्हणतो घे, आता तू सांभाळ, आणि आपण बाजूला होतो."

"हे रोज होतं?"

"दर वेळी. पहिल्यापासून."

अगं बाई! दर वेळी काही माहीत नसताना उठायचं, आणि एकेकाने पुढच्याला ओळख पटवून हाक मारायची! पडद्यावर चिन्ह यायच्या आत हे सगळं होतं, आणि मी त्या वस्तूला बोंबलाचे हात लावले होते.

"मग तू मधल्याचं कुलूप तोड ना," मी म्हटलं.

"तोडता येतं. पण बूटलोडरचं कुलूप उघडलं की तो आधी आतलं सगळं पुसून टाकतो. परक्याच्या हाती लागू नये म्हणून."

"बरोबर करतो," जॉनी म्हणाला.

तीन दिवसांनी तोंड उघडलं, ते फोनची बाजू घ्यायला!

श्रुतिका हसली. मग तिने समजावलं. नवीन सिस्टीम येते तेव्हा जुनी लगेच पुसत नाहीत, नवी शेजारच्या खणात भरतात. बूटलोडर नवीला ठरावीक वेळा संधी देतो. नाहीच उभी राहिली तर तिच्यावर काट मारतो आणि जुनीला उठवतो. "तुमचा फोन अडकला तसा तुम्ही बॅटरी मरेपर्यंत नुसता ठेवलात, म्हणून त्याचा आकडा भरला नाही. किती वेळा चालू केला?" मी बोटांवर मोजलं. तीन. "बरेच फोन सातपर्यंत मोजतात," ती म्हणाली, "हा किती मोजेल ते मी सांगू शकत नाही. आकडा भरेपर्यंत आपण त्याला पडू द्यायचं, बस. पण मध्येच घाई नाही. उठत असेल तर?"

चौथ्यांदा चालू केला. चिन्ह आलं आणि थिजलं. दहा मिनिटं तिने घड्याळाकडे बघत काढली, मग बटण दाबून धरलं. पाचव्यांदा तेच. एक बाई जवळ्याचा भाव विचारत होती, मी नुसता हात हलवला. सहाव्यांदा पडदा काळा झाला आणि वर दोन ओळी आल्या. श्रुतिकाने वाचून दाखवल्या. वरची, पुन्हा प्रयत्न करा. खालची, सगळं पुसा. एक बोट खाली घसरलं की संपलं! तिने हात पँटला पुसले, वरची ओळ धरली आणि बटण दाबलं.

सातव्यांदाही चिन्ह थिजलं. दहा मिनिटं. मी मनातल्या मनात मारियामातेला हाका मारत होते. तिने पुन्हा बटण धरलं. पडदा काळा. काळाच. देवा रे, किती वेळ काळा! मग फोन थरथरला. चिन्ह आलं, आणि या वेळी त्याच्याखालचे ठिपके हलायला लागले. मिनिटभराने पडद्याने पिन मागितला.

"जुनी उठली," श्रुतिका म्हणाली. वर्षानुवर्षं हेच काम करणारी पोरगी, तिचेही डोळे भरले होते.

जॉनीने अंदाजाने चार आकडे दाबले. खुणांची यादी उघडली, तशी तिने फोन पालथा केला आणि त्याच्यापुढे सरकवला. "अंकल, अपडेट मी बंद करून देते, पण यावर भरवसा ठेवू नका. आत्ताच कागदावर उतरवून घ्या. माझ्या कॉम्प्युटरवर घेतलं तर ते माझ्याकडे राहील, तुम्हाला ते नको असेल. मी बाहेर उभी राहते."

जॉनीने फोन नाकाशी नेला. लांब धरला. शर्टाने पुसला, पुन्हा नाकाशी नेला. मी बघत राहिले.

"पोरी, जाऊ नकोस," तो म्हणाला. "मला दिसत नाही. माझे डोळे गेलेत. तू वाच, जोसेफीन लिहील."

डॉक्टरपुढेही तो हे कधी बोलला नव्हता. मी टोपलीवर फडकं टाकलं आणि हिशेबाची वही मांडीवर घेतली. श्रुतिकाने पहिल्या खुणेचे आकडे हळूहळू वाचले. मी लिहिले. जॉनीने डोळे मिटून घेतले होते. "चौदा वाव खोल पाणी," तो म्हणाला. "खाली चिखल. इथे बापाने मला पहिल्यांदा जाळं टाकायला दिलं." लग्नाला चौतीस वर्षं झाली आमच्या. हे मी पहिल्यांदा ऐकत होते.