देठावरचा गोळा

मावशी बायकांचे कपडे शिवते. तीस वर्षं लोकांची मापं घेणाऱ्या बाईच्या स्वतःच्या कंबरेचं माप वर्षभरात चार इंचांनी वाढलं. "वयाने सुटतंच पोट," हे काकांचं शास्त्र. ते त्यांच्यापाशीच ठेवून ती सोनोग्राफीला गेली.

तिथले डॉक्टर मोठे. मोठे म्हणजे घाईतले. एका कानाला फोन, दुसऱ्या हाताने पोटावर यंत्र. चार मिनिटांत निकाल लागला. "डाव्या अंडाशयाची गाठ दिसतेय, आत पाणी आहे. कॅन्सर असू शकतो." आणि पुढच्या बाईला हाक मारली.

दुसऱ्याच दिवशी धाकटी जाऊ डोळ्यांना पदर लावून हजर. रडता रडता तिने शिलाई मशीनचं झाकण उचलून पाहिलं.

"ताई, हे नीट चालतं ना?"

"मी आहे तोवर चालेल," मावशी म्हणाली.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मात्र त्या चार मिनिटांचा भरवसा वाटेना. त्यांनी आधी एमआरआय करायला सांगितलं. तिथल्या तंत्रज्ञाने विचारलं, "अंगावर धातूचं काही?" मावशीने पदरातून, गळ्याजवळून, बाहीतून एकेक करत सात टाचण्या काढल्या. तो बघतच राहिला. मग खडखडणाऱ्या बोगद्यात पाऊण तास.

फोटो वाचणाऱ्या बाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मावशीला पडद्याशेजारी बसवलं.

"ही तुमची दोन्ही अंडाशयं. जागच्या जागी आहेत. गोळा त्यांचा नाहीच. हा बघा, गर्भाशयातून देठ निघालाय, रक्तवाहिन्याही त्यातूनच जातायत. फायब्रॉइड आहे, गर्भाशयाच्या स्नायूंचा साधा गोळा. एरवी घट्ट असतो, हा आतून विरघळून पाणी झालाय, म्हणून फसवतो."

"म्हणजे सैल टाचलेलं बटण."

"तसंच समजा."

"मग त्या मोठ्या डॉक्टरांना दोरा दिसला नाही?"

बाई खाकरल्या. "सोनोग्राफीत कधीकधी सापडत नाही."

"शोधला तर सापडेल ना!"

गोळा काढला. तपासणीत साधा फायब्रॉइडच निघाला. जाऊ भेटायला आली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता असं म्हणणं खोटं होईल. तो तिथवर आलाच नव्हता.

दोन महिन्यांनी खुद्द मोठ्या डॉक्टरांचा फोन. आवाजात साखर.

"तुमची केस फार दुर्मिळ आहे हो. डॉक्टरांच्या परिषदेत दाखवायची म्हणतो. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"माझं नको, तुमचं येऊ द्या. आणि तुमचा पहिला रिपोर्टही दाखवा."

"छे, त्याची काय गरज?"

"मग माझ्या फोटोंचीही नाही," म्हणून मावशीने फोन ठेवला.

परिषद थाटात झाली म्हणे. डॉक्टरांनी दुसरी केस शोधली असणार. त्यांच्याकडे चुकांना काय तोटा!