प्रभुभोजनाची हजेरी

आमच्या चर्चच्या मंडळीच्या रजिस्टरातून माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव मी काढलं. ठराव मी मांडला, मी लिहिला आणि रविवारच्या उपासनेत उभा राहून मीच वाचून दाखवला. कारण लिहिलं होतं : सलग तीन प्रभुभोजनांना विनाकारण गैरहजर. यातलं 'सलग' बरोबर होतं, 'तीन' बरोबर होतं, 'गैरहजर' बरोबर होतं. एकच शब्द खोटा होता आणि तो मी तपासला नव्हता.

मी इंदूरला परदेशीपुऱ्यातल्या एका कापड गिरणीत टाइमकीपर आहे. भोंगा झाल्यावर पाच मिनिटं माफ, सहाव्या मिनिटाला उशीर, तीन उशिरांची मिळून अर्ध्या दिवसाची गैरहजेरी. माणूस का उशिरा आला हे आमच्या खिडकीवर विचारत नाहीत. विचारायला लागलो तर फाटकापाशी दुपार होईल. गिरणीसाठी हे ठीक आहे. पण मंडळीने मला चिटणीस केलं तेव्हा तिथलं रजिस्टरही मी त्याच पद्धतीने आखलं, आणि लोकांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

तेव्हा मध्य प्रदेश नुकताच झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरचे लोक चिडलेले होते. इकडे आमचे विलायती पाद्री मायदेशी गेले आणि मंडळीचा कारभार आमच्या हाती आला. एक देशी पाळक आणि आम्ही पाच वडील, म्हणजे मंडळीचे पंच. सलग तीनदा प्रभुभोजन चुकवणाऱ्याचं नाव काढावं, हा नियम साहेबांच्या वेळेपासून पुस्तकात होता, पण त्यांनी तो वापरलेला मला आठवत नाही. आम्ही वापरला. आम्हाला कारभार झेपतो हे दाखवायची फार घाई झाली होती.

प्रभुभोजन आमच्याकडे वर्षातून चार वेळा. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण म्हणून भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. बाकांच्या रांगांतून ताटली फिरते. एकशे चौसष्ट सभासदांना वाटून व्हायला बावीस ते पंचवीस मिनिटं लागतात. मी पाळकांच्या उजव्या हाताला बसून कोण आलं त्याच्या खुणा करायचो. म्हणजे बाकीचे डोळे मिटत तेव्हा माझे उघडे असत.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिथल्याच आवारात एका खोलीत राहायची. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड आणि चार रुमाल धुऊन, खळ घालून, इस्त्री करून देणं हे काम कित्येक वर्षं तिच्याकडे होतं. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ती संध्याकाळचं जेवत नसे. रविवारी ताटली तिच्यापाशी आली की तिचा हात कापायचा. दवाखान्यात तोच हात कसल्याही जखमेत न कापता जायचा. मी एकदा हसून म्हटलं, "ताई, एवढं काय घाबरायचं? दरवेळी तीच भाकर असते."

"म्हणूनच," ती म्हणाली.

आमच्या वडिलांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं घराणं संस्थानच्या फौजेतलं, जुनी इंदूरमध्ये राहणारं. वडिलांना ते दार बंद झालं. येणंजाणं ठेवलं ते एकट्या काकांनी. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचे आणि ताईला हाक मारायचे. हे काका शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा ताईने दोन महिने ड्यूटी संपल्यावर जुनी इंदूरला जाऊन त्यांच्या पाठीच्या जखमा धुतल्या. ते गेले. तेराव्याला काकूंनी तिला बोलावलं, ती गेली आणि पंगतीत जेवली.

मला हे आमच्या वडीलमंडळातल्या एकाने सांगितलं. तो आमच्याच गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम होता, बायको जुनी इंदूरची. "भिया, तुमच्या ताईजी तेराव्याला पंगतीत बसल्या होत्या. पिंडदानाचं घर, आणि आपल्या बाई खीर-पुरी खातायत! अब क्या बोलें?"

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात, वीसएक माणसांसमोर मी ताईला विचारलं, "जेवलीस तिथे?"

"काकूने वाढलं. पान सोडून उठू?"

"तुला देवाचं भय उरलेलं नाही," मी म्हणालो.

तिने पदर सारखा केला आणि फाटकातून निघून गेली.

त्यानंतरच्या तिन्ही प्रभुभोजनांना ती आली नाही. एरवी दर रविवारी यायची, शेवटच्या बाकावर बसायची. एकोणचाळीस रविवारांपैकी छत्तीसना हजर होती. हा आकडा माझ्यापाशी होता. ठरावात मी तो लिहिला नाही, कारण नियमात तो विचारलेला नव्हता.

आणि त्या तिन्ही प्रभुभोजनांच्या आदल्या शनिवारी दुपारी ती कापड घेऊन माझ्या घरी आली होती. मेज मांडण्याचं काम माझं, म्हणून कापड माझ्याकडे यायचं. पहिल्या शनिवारी कापड हातात देऊन ती दारातच थांबली. म्हणाली, "जरा गोष्ट करायची होती तुझ्याशी." मी रुमाल मोजत होतो. मला वाटलं, तेराव्याचं सारवासारव करायला आली. म्हटलं, "मंडळीचं काम घरात बोलायचं नाही, ताई. वडीलमंडळापुढे ये." दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या खेपेला मी तिला बोलूच दिलं नाही. "चार रुमाल, एक कापड. बरोबर," असं म्हणून दार लावून घेतलं. ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात माझ्या बायकोपाशी बसली, चहा घेतला आणि गेली.

मला वाटत होतं, रजिस्टरात खूण करून घ्यायला ती माझ्या मागे लागली आहे. टाइमकीपरच्या घरी माणसं येतात ती ह्याच कामाला.

वडीलमंडळाच्या सभेत पाळकांनी विचारलं, "बाईंना कोणी कारण विचारलं का?"

"रजिस्टर आहे की, पाद्रीसाहेब," मी म्हणालो.

पाच हात वर झाले. जॉबर बाहेर येऊन पाठीवर थाप मारून म्हणाला, "सख्ख्या बहिणीला सोडलं नाही! मान गए भिया. याला म्हणतात देवाचं भय." हे मला गोड लागलं होतं. घरी पोचेपर्यंत ते वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हटलं, हेही लिहून ठेवतो.

त्या रविवारी मी ठराव वाचला. ताईचं नाव घेतलं तेव्हा ती शेवटच्या बाकावरून उठून उभी राहिली. हजेरीला नाव पुकारल्यावर माणूस उभा राहतो तशी. मग आता बसायचं की जायचं, हे तिला कळेना. कोणी सांगितलंही नाही. शेवटचं गीत संपेपर्यंत ती तशीच एकटी उभी होती.

घरी जेवताना मी बायकोला म्हणालो, "एकदासुद्धा कारण दिलं नाही तिने."

"तीनदा द्यायला आल्या होत्या," बायको म्हणाली. "तुम्ही रुमाल मोजत होतात."

"काय कारण?"

"तुम्हीच. वन्सं म्हणायच्या, भावाचा माझ्यावर राग आहे, माझाही त्याच्यावर आहे. असा राग तोंडात धरून ती भाकर कशी खाऊ? आधी त्याच्याशी नीट बोलते, मग जाते. दरवेळी रात्रीचं जेवणसुद्धा सोडायच्या, म्हटलं उद्या जायला मिळालंच तर."

"मला का नाही सांगितलंस?"

"वाः! मंडळीचं घरात बोलायचं नाही, हा कायदा कुणाचा?"

मी पुढचा घास घेतला. तो गिळला हे मला आठवतं, आणि आठवून अजून घृणा वाटते.

त्या तिन्ही प्रभुभोजनांना मी स्वतः काय केलं? भाकर घेतली, प्याला घेतला. बहिणीवरचा राग माझ्याही पोटात होताच. पण तो मोजायला रजिस्टरात रकाना नव्हता. चिटणीस झाल्यापासून माझी एकही गैरहजेरी नव्हती. मला भय होतं ते गिरणीच्या खिडकीवरचं. कोणी बघत असेल तर असतं, नसेल तर नसतं. तिचं भय एकांतात, खोलीत, उपाशी पोटी होतं. आणि मी वीस माणसांसमोर तिला सांगितलं होतं की तुला भय नाही.

एवढं कळल्यावर माणसाने तासाभरात तिच्या दारी जावं. माझ्या घरापासून तिची खोली सव्वा मैल. मला जायला पस्तीस दिवस लागले. ठराव मागे घेतला तर लोक काय म्हणतील, जॉबर काय म्हणेल, हा हिशेब पस्तीस दिवस चालला होता. हे कोणतं भय, ते सांगायला नको.

गेलो तेव्हा ती स्टोव्हला पिन करत होती. मला बघून म्हणाली, "ये. आज कुठली वही आणलीस?"

मी उभ्या उभ्याच सगळं बोललो. चुकलो म्हणालो. माफी माग म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. तिने स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला.

"बस आधी. उभ्याने माफी मागतोस, जसा काही पगार वाटतोयस."

"ताई, तुझा राग?"

"गेला कधीच. तू सख्खा भाऊ माझा. छोड रे आता."

मला एवढं हलकं वाटलं की मी लगेच कामाचं बोलू लागलो. पुढच्या सभेत ठराव आणतो, चार जण नक्की बाजूने आहेत, जानेवारीच्या प्रभुभोजनाला तुझं नाव परत असेल.

ती चहा गाळत होती. म्हणाली, "आण. पण एक सांगू? त्या दिवशी उभी होते ना मी, तेव्हा मला वाटलं आता काहीतरी होईल. इतकी वर्षं जे वाटायचं ते जोराने येईल. हात कापतील, रडू येईल. काहीच नाही आलं. गीत चालू होतं आणि मी पंख्याची पाती बघत होते. रात्री प्रार्थनेला बसले. तिथेही काही नाही. जशी ड्यूटी संपून कोरी बसते ना, तशी."

"येईल परत."

"तुला काय माहीत?" हे ती टोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. ती कशाबद्दल बोलत होती ते मला आयुष्यात एकदाही झालेलं नव्हतं.

कप माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "नाव लिही. मी येईन. नाही आले तर लोक तुला बोलतील."

ठराव चार विरुद्ध एक मंजूर झाला. जानेवारीत ती आली, माझ्या बायकोशेजारी दुसऱ्या बाकावर बसली. ताटली तिच्यापाशी आली तेव्हा मी पहिल्यांदाच रजिस्टर मिटून तिच्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. तिने तुकडा उचलला, खाल्ला आणि ताटली पुढे सरकवली, पंगतीत मिठाची वाटी सरकवतात तशी. मग माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. झालं ना तुझं काम, अशी.