बाईंच्या गाडीची बॅटरी

आमच्या घरात दोन माणसं आणि दोनच जणांना बसता येईल अशी एक निळी स्पोर्ट्स कार आहे. गाडी माझी नाही, बायकोची. हे आधीच सांगून टाकतो, कारण वसईजवळच्या आमच्या गास गावात नवीन आलेला कुणीही आमच्या फाटकाशी थांबतो, गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "काका, काय हौस आहे तुमची." मग मला सांगावं लागतं, की हौस आत चहा पितेय.

बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती. सगळं गाव तिला बाई म्हणतं, चारचौघांत मीही बाईच म्हणतो. निवृत्त झाल्यावर तिच्या बरोबरीच्या बायका चारधामला गेल्या. हिने गाडी आणली. वापरलेली, पण छत मागे पडणारी आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. मी जोरदार विरोध केला. मी म्हटलं, आपल्याकडच्या खड्ड्यांतून ही गाडी चालवायची म्हणजे चांदीच्या ताटात सुकी मासळी निवडण्यातला प्रकार आहे. ती म्हणाली, "खड्डे मला पाठ आहेत." होतेही. दर रविवारी शेजारपाजारचे लोक चर्चमध्ये पहिल्या मिस्साला निघाले, की ही छत मागे टाकून कळंबच्या समुद्राकडे जायची आणि माझा चहा होईपर्यंत परत यायची. परत आली की तासभर तरी घरात कुणावर ओरडायची नाही. त्या तासासाठी मी विरोध मागे घेतला.

अशा गाडीचं दुखणं वेगळं असतं. ती चालवून खराब होत नाही, उभी राहून होते. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी भरलं, की गाडी आठवडेच्या आठवडे पोर्चमध्ये अडकून पडते. आपल्याला वाटतं, उभी आहे म्हणजे झोपली आहे. पण आत घड्याळ चालू असतं, चोर आला तर बोंबलणारा अलार्म जागा असतो, आणि हे सगळे बॅटरीवर बसून खातात. गेल्या पावसाळ्यात ती अशीच बसली. शेजारचे केळीवाले त्यांचा पिकअप घेऊन आले, त्याच्या बॅटरीवरून केबल लावली, तेव्हा उठली. त्यांची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे आणि सल्ला द्यायला ते कुंपणापर्यंत येतात. "भाऊ, रोज पाच मिनिटं चालू करून ठेवत जा," ते म्हणाले. हा सल्ला मला त्या महिन्यात दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी दिला.

पाऊस गेला आणि बाईंच्या डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला. आयुष्यभर मैदानावर धावलेला गुडघा, त्याचं तरी काय चुकलं. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला, बाई घरी आल्या. पण ज्या आल्या त्या आमच्या बाई नव्हत्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्या उलट उत्तर देईनात. मी भाजी खारट केली तरी जेवायच्या. चाळीस वर्षांत असं सुख मला मिळालं नव्हतं, आणि मला ते अजिबात सोसवत नव्हतं.

एकदा संध्याकाळी खिडकीतून गाडीकडे बघत ती म्हणाली, "त्या गाडीचा क्लच जड आहे. मला नाही जमायचं आता." मी म्हटलं, डॉक्टर जमेल म्हणालेत. तिने खिडकीचा पडदा ओढला. मग म्हणाली, "ठीक आहे. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी मी बसेन. किल्ली फिरवली आणि गाडी उठली, तर ठेवू. नाही उठली, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघायचं. उगाच बांधून ठेवण्यात अर्थ नाही."

हिच्या शब्दाची मला धास्ती आहे. शिट्टीनंतर मैदानावर आलेल्या मुलाला हिने कधी खेळू दिलं नाही, मुख्याध्यापकांच्या मुलालासुद्धा नाही. मी खरंच घाबरलो. ज्या गाडीला मी नाकं मुरडली, ती गेली तर माझ्या बायकोतलं काहीतरी कायमचं जाईल, असं मला स्वच्छ दिसायला लागलं. गुडघ्याचं माझ्या हातात काही नव्हतं. बॅटरीचं होतं.

मी आयुष्यभर औषधांच्या गोदामात काम केलं. वस्तू वापरात नसताना तिला धड कशी ठेवायची, एवढी एकच विद्या मला येते. म्हणून आधी वाचायला बसलो. पाच मिनिटांचा सल्ला पहिल्याच दिवशी निकालात निघाला. इंजिन उठवायला बॅटरी जेवढं घालवते, तेवढं पाच मिनिटांत परत मिळतच नाही. म्हणजे रोज चालू करून आम्ही तिला रोज थोडी उपाशी ठेवत होतो. शिवाय तो आवाज ऐकला, की बाई भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. बॅटरीची एक तार काढून ठेवायचाही उपाय होता. पण तार काढलेली गाडी तिने बघितली असती, तर तिला वाटलं असतं मी आशा सोडली.

वसई स्टेशनजवळच्या बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर लोखंडी पेटीएवढा चार्जर ठेवला. "काका, ट्रक उठतो ह्याच्यावर. एका रात्रीत टणाटण." मी म्हटलं, मला उठवायची नाही, जागी ठेवायची आहे. चार्जर भरतच राहतो, आपण काढेपर्यंत. विसरलात तर बॅटरी उकळते. मला हवा होता मेंटेनर. तो भरतो, भरली की हात आखडता घेतो, थोडी उतरली की पुन्हा घोटभर देतो, आणि असं महिनोन् महिने करतो. शिवाय या गाडीत साधी बॅटरी नाही, एजीएम आहे, सीलबंद. तिला चालेल असं सेटिंग त्या मशीनमध्ये असायला हवं होतं. मी प्रत्येक डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. दुकानदार कंटाळून गुटख्याची पुडी फोडायला बाहेर गेला.

शेवटी दोन उरले. दोन्ही साबणाच्या डबीएवढे. एक जरा भारीतला, वीज गेली आणि आली तर आपलं काम लक्षात ठेवणारा. दुसरा तसाच, पण वीज गेली की कुठे होतो ते विसरणारा. त्याचं बटण पुन्हा दाबावं लागायचं. दुकानदार म्हणाला, "घरी इन्व्हर्टर आहे ना? मग तुमच्या पॉइंटची वीज जाणार कशी?" बिनतोड होतं. मी दुसरा घेतला.

बसवला मीच. बॅटरी डिकीत आहे. तिच्या टोकांवर खाऱ्या हवेने पांढरी-हिरवी पूड धरली होती, ती सोड्याच्या गरम पाण्याने काढली, कोरडं केलं, वर पेट्रोलियम जेली चोपडली. लाल वायर आधी, मग काळी. डिकी बंद करूनही वायरचं टोक नंबर प्लेटशेजारी लोंबेल अशी सोय केली. मशीन पोर्चच्या भिंतीवर पॉइंटखाली टांगलं आणि दमट हवा लागू नये म्हणून त्यावर आईस्क्रीमचा रिकामा डबा उपडा बसवला. मशीनवर ओळीने तीन बारीक दिवे होते, एका वेळी एकच लागायचा. डावीकडचा म्हणजे वीज आली आहे, बटण दाबायची वाट बघतोय. मधला म्हणजे भरतोय. उजवीकडचा म्हणजे भरली, आता राखण करतोय. पांढऱ्या डब्यातून त्याचा उजेड छान दिसायचा.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या. वय ऐंशीचं, नायगावकडच्या मिठागरांच्या गावच्या, लेकीचं ऑपरेशन म्हटल्यावर पिशवी घेऊन हजर झालेल्या. त्यांनी पोर्चमध्ये येऊन वायर बघितली.

"गाडीला सलाईन कशापायी लावलंय?"

"आई, ती उपाशी राहू नये म्हणून."

"आनि माझी पोर खात नाय, तिला लावा की."

पुढचे महिने आमचे बरे गेले. सासूबाई लेकीला मासळीचं कालवण खाऊ घालायच्या. मी लेकीच्या आईच्या हाताखाली कांदे चिरायचो. बाई काठी घेऊन घरात, मग काठी न घेता पोर्चपर्यंत चालायला लागल्या. गाडीजवळ मात्र जायच्या नाहीत. झोपण्याआधी आणि उठल्यावर मी डब्यातला उजेड बघायचो. तो उजेड बघून मला जो निवांतपणा वाटायचा, तो औषधांच्या गोदामात कधी वाटला नव्हता.

डॉक्टरांनी परवानगी दिली. रविवार उजाडला. बाईंनी बुटांच्या नाड्या बांधल्या आणि बाहेर आल्या. मी घाईघाईने डब्यात उजेड आहे एवढं बघून घेतलं आणि गाडीच्या मागची वायर सोडवली. ती आत बसली. किल्ली फिरवली.

काटे थरथरले. दिवे लागले, पण पिवळट. इंजिनातून नुसतं टक टक टक आलं. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग तिने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

मी भिंतीकडे धावलो, डबा उचलला. डावीकडचा दिवा लागलेला होता. मशीन बटण दाबायची वाट बघत उभं होतं.

"हे कुणी बंद केलं होतं का?" मी विचारलं.

"मी करते ना रातचं," सासूबाई म्हणाल्या. "तुमी रोज इसरता. रातीला देवाचा दिवा सोडून कायपन चालू ठेवू नये. सकाळी तुमी उठायच्या आदी परत लावते."

चेहऱ्यावर अशी समजूतदार माया, की मी आईस्क्रीमचा डबा होता तसा परत बसवला. म्हणजे बसवलं त्या एका दिवसापलीकडे मशीनने काही कामच केलं नव्हतं. रोज रात्री पॉइंटचं बटण बंद होत होतं, रोज सकाळी मशीन नव्याने विसरत होतं, आणि पांढऱ्या डब्याच्या पलीकडे दिवा डावा की उजवा, ते मला कळत नव्हतं. इन्व्हर्टरने विजेचा बंदोबस्त केला होता. सासूबाईंचा कुणी केला नव्हता.

मिस्साहून परतणारे केळीवाले पांढऱ्या शर्टात फाटकाशी थांबले. "केबल आणू का, बाई?"

बाई समोरच्या काचेतून नुसत्या बघत बसल्या. मला कळत होतं, केबलने काही होणार नव्हतं. किल्ली फिरवून गाडी उठली नव्हती. ती आता उतरेल, घरात जाईल आणि उद्या गिऱ्हाईक बघायला सांगेल. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन डिकीवर दोन्ही पंजे ठेवले.

"केबल कशाला? ढकला. तिच्या बापाचा मिठाचा टेम्पो कंदी किल्लीवर उठला? आमी माय-लेकीच ढकलायचो."

बाईंनी आरशात बघितलं. "आये, तुझी कंबर."

"माझ्या कमरेला काय झालंय? तू क्लच दाब."

ती अजून थांबली. मग मी बघितलं, तिचा डावा पाय उचलला गेला आणि खाली गेला. ओठ घट्ट मिटले होते. "दुसरा गिअर टाकते," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत कुणी थांबायचं नाही." मैदानावरचा तो आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही हात गाडीला लावलेले असल्यामुळे ते पुसताही येईना.

आम्ही तिघांनी ढकललं. पोर्चचा उतार संपेपर्यंत गाडी आपणहून आली, गल्लीत मात्र जड झाली. तिने क्लच सोडला, गाडीने हिसका दिला आणि गप्प झाली. "पुन्हा," ती ओरडली. पुन्हा क्लच, पुन्हा ढकला, पुन्हा हिसका. केळीवाल्यांचा पांढरा शर्ट घामाने अंगाला चिकटला. तिसऱ्या वेळी खोकल्यासारखा आवाज आला, मग इंजिन पेटलं, आणि आमच्या हातांखालून गाडी निघून गेली. ती थांबली नाही. थांबणं शक्यही नव्हतं. गिअर बदलल्याचा आवाज आला, म्हणजे क्लच आणखी एकदा दाबला गेला होता. वळणावर निळा ठिपका दिसेनासा झाला.

केळीवाले घरी गेले. सासूबाई पायरीवर बसून कमरेवर मूठ मारत राहिल्या. मी फाटक धरून उभा राहिलो. कुठे चौकात बंद पडली तर काय, गुडघा दुखला तर काय, असे सगळे तर काय माझे करून झाले.

ती आली तेव्हा केस पार विस्कटलेले होते आणि नाक लाल झालं होतं. मी पुढे होऊन म्हणालो, "बंद करू नकोस. अजून थोडी भरू दे."

तोवर तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं होतं.

"अगं, बंद का केलीस? उद्या परत उठली नाही तर?"

"तर परत ढकला," बाई म्हणाल्या. "तिघं आहात की."