हवालदारांच्या पाठीवरची खूण

“आनखी कापायचं न्हाई,” निवृत्त हवालदार माने म्हणाले आणि शर्टाची बटणं लावू लागले.

साताऱ्यातल्या माझ्या ओपीडीत दुपारचे अडीच वाजले होते. जेवण राहिलं होतं. मी त्वचेचा डॉक्टर. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या पाठीवरचा तीळ काढून सांगलीच्या लॅबला पाठवला होता. रिपोर्ट आला: अटिपिकल, सिव्हिअर, मार्जिन पॉझिटिव्ह. म्हणजे तिळातल्या पेशी वेड्यावाकड्या वाढल्या होत्या. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागायची धास्ती होती. शिवाय कापलेल्या तुकड्याच्या अगदी कडेपर्यंत त्या पेशी होत्या. थोड्या पाठीत राहिल्या असणार.

हे मी तिसऱ्यांदा सांगत होतो. कंटाळा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचाच राग आला होता. पहिल्या वेळी तीळ काढताना ते म्हणाले होते, “साहेब, जरा खुणेपुरता ठेवा. सर्व्हिसच्या कागदावर आयडेंटिफिकेशन मार्क त्योच लिवलाय.” बाहेर पेशंटची रांग होती. वाद नको म्हणून मी तिळाची थोडी कड ठेवून कापलं. ऐकायला नको होतं.

“उद्या पेन्शनवाल्यांनी इचारलं, मार्क कुठाय, तर?”

“आजवर कुणी शर्ट काढायला लावला?”

“न्हाई. पण कागदावर हाय न्हवं.”

त्यांच्या बायको शांताबाई वडूजहून एसटीनं सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवं डॉक्टर, ह्यो मानूस माझाच हाय असं मी लिवून देते. चालंल का सरकारला?”

हवालदार हसले नाहीत. पण बटणं लावायचे थांबले.

मी लेटरहेड पुढे ओढलं. ‘पाठीवरील तीळ वैद्यकीय कारणासाठी काढला असून त्या जागी व्रण आहे.’ सही, शिक्का. त्यांनी दोनदा वाचलं, राहिलेली तारीख टाकायला लावली आणि कागद खिशात ठेवला.

“आता कापा.”

शुक्रवारी चारी बाजूंनी पाच मिलिमीटर कातडी जास्त काढली. लॅबला नव्या तुकड्यात त्या पेशी सापडल्याच. कडा मात्र या वेळी स्वच्छ होत्या.

सहा महिन्यांनी हवालदार तपासणीला आले, जरा नाराजच.

“पेन्शनसाठी ब्यांकेत तुमचा कागद दावला. बघितला बी न्हाई. मशीनवर बोट ठेवा म्हनले.”

तरी तो कागद त्यांच्या खिशात होता. आता कुणी ‘थोडं राहू द्या’ म्हणालं, की मी आधी सर्टिफिकेट लिहितो आणि मगच ब्लेड हातात घेतो.