बदकांसाठी स्थळं

पद्मिनीकाकू परांजपे अंड्याला हात लावत नसत, आणि त्यामुळेच त्यांच्या परसात सतरा बदकं झाली. कुणाला हे उलटं वाटेल. पण जी बाई अंडं घरात येऊ देत नाही, ती ते बदकाखालून काढणार कशी?

सुरुवात विनीतानं, त्यांच्या मुलीनं केली. त्र्याऐंशी सालच्या वसंतात तिच्या वर्गात बाईंनी मशीन ठेवून बदकाची अंडी उबवली आणि मग विचारलं, पिल्लं घरी कोण नेणार? घरी न विचारता हात वर करायला आपली मुलं अमेरिकेत पटकन शिकतात. संध्याकाळी ती खोक्यात चार पिल्लं घेऊन दारात उभी. श्रीरंगकाका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, सगळं मापात असणारा माणूस. ते म्हणाले, "उद्या रिटर्न कर."

"जीव आहेत ते," काकू म्हणाल्या. "स्वेटर नाही रिटर्न करायला."

विषय संपला.

मी दोन घरं सोडून राहायचे, डेट्रॉइटच्या उत्तरेला, जिथे प्रत्येक हिरवळ दाढी केल्यासारखी असते. स्पष्टच सांगते, मला बदकं आवडत नाहीत. घाण करतात, कलकल करतात आणि आपल्याकडे असं बघतात की जणू आपणच त्यांच्या घरी न सांगता आलोय. पण काकू गाडी चालवत नसत, त्यामुळे मक्याची पोती आणायला मीच जायचे, आणि त्यामुळे त्या संसाराची सगळी बित्तंबातमी मला असायची.

सकाळी काकू साडीवर काकांचं कंपनीचं जाकीट चढवायच्या, पायात स्नो-बूट, आणि परसातला मुलांचा प्लॅस्टिकचा पूल उपडा करायच्या. बदकं रात्रभरात पाण्याचा चिखल करतात. तो धुवायचा, परत भरायचा, मका आणि भिजवलेले मूग टाकायचे. "या गं बायांनो" म्हटलं की सगळी रांगेनं डुलत यायची, नरसुद्धा. मेथीच्या वाफ्याला जाळी होती, कारण एकदा त्यांनी तो वाफा दुपारच्या आत संपवला होता. थंडीत पूल गोठला की काकू फावड्यानं बर्फ फोडायच्या. रॅकून, म्हणजे तिथलं रात्री शिकारीला निघणारं रानमांजराएवढं जनावर, त्याच्या भीतीनं संध्याकाळी सगळ्यांना गराजमध्ये कोंडायच्या, आणि काकांची नवीकोरी गाडी बाहेर बर्फात. ऑफिसला निघताना काच खरवडणाऱ्या काकांचा चेहरा मी खिडकीतून बघायचे. माझी करमणूक व्हायची.

दुसऱ्या वसंतात अंडी आली. काकूंना वाटलं, आपण लक्ष दिलं नाही तर ती आपोआप जातील. बदकिणींचं मत वेगळं होतं. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात सतरा बदकं झाली, आणि पहाटे पहाटे त्यांचा जो गोंधळ सुरू व्हायचा, त्यापुढे गजराचं घड्याळ विकत घेणं हा शुद्ध मूर्खपणा.

शेजारच्या मिसेस नोवाकनी तक्रार केली. तक्रार खोटी नव्हती, मीही केली असती. टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस आला, भला होता बिचारा. म्हणाला, सहा ठेवा, बाकीची बर्फ पडायच्या आत हलवा, आणि परत सहावर गेली तर सगळीच न्यावी लागतील.

त्याच संध्याकाळी मिसेस नोवाक कुंपणाशी आल्या. त्यांना वाईट वाटलं होतं. "मी घेते की अकराच्या अकरा," त्या प्रेमानं म्हणाल्या. "ख्रिसमसला माझी आई बदकाचं सूप करायची."

काकूंनी मान हलवली, थँक्यू म्हटलं आणि घरात येऊन मटकन बसल्या. काका म्हणाले, "अगं, कुणाला तरी देऊन टाक. नंतर कोण काय करतं ते आपण कशाला बघायचं?"

"मी बघणार," काकू म्हणाल्या. "माझ्या घरातलं एकही कुणाच्या ताटात जाणार नाही. नीला, उद्या गाडी काढ," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या.

आणि मग सुरू झालं स्थळं बघणं. दुसरा शब्दच नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात काकू चिवड्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि येईल त्याला विचारू लागल्या: यार्ड केवढं? कुंपण आहे का? दिवसा घरी कोण असतं? आणि शेवटी, आवाज खाली आणून, "घरात काही... चालतं का?"

सगळे म्हणाले, छे छे काकू, प्युअर व्हेज.

काकूंचा विश्वास बसला नाही. त्या घर बघायला जात, आणि सरबत हातात आलं की म्हणत, "जरा बर्फ हवा होता. राहू दे, मीच घेते." आणि यजमानीण उठायच्या आत फ्रीझर उघडत. त्या महिन्यात आख्ख्या मंडळाचं बिंग फुटलं. जवळच्या ट्रॉय गावात डॉक्टर प्रल्हाद साने, जे गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं करतात, त्यांच्याकडे वाटाण्याच्या पिशवीमागे कोंबडीच्या तंगड्या निघाल्या.

"मुलांसाठी हो काकू," डॉक्टर म्हणाले. "स्कूल लंच, यू नो."

"खा की," काकू म्हणाल्या. "मी काही म्हणत नाही. फक्त माझी बदकं मिळणार नाहीत."

गाडीत बसल्यावर मला इतकं हसू फुटलं की किल्ली फिरवता येईना. काकू हसल्या नाहीत. त्या घाबरल्या होत्या. दिवस थोडे उरले होते आणि सात घरं फुकट गेली होती. मी म्हटलं, "काकू, आता सोडा." त्या म्हणाल्या, "पुढचा पत्ता सांगू का?"

ॲन आर्बर गावाच्या पुढे शेवटी एक जैन कुटुंब मिळालं. शेत, तळं, आणि फ्रीझरमध्ये फक्त मटार नि कोथिंबीर. काकूंनी तरी तीनदा पाहिलं. मग अकरा बदकं माझ्या स्टेशन वॅगनमधून निघाली. त्या वासाबद्दल मी इथे लिहिणार नाही. तळ्यात ती अशी सुटली की मागे वळूनही पाहिलं नाही. काकू परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. सुखात आहेत." मला पहिल्यांदाच त्या बदकांचा राग आला नाही.

मला वाटलं, संपलं. पण मार्चचा बर्फ वितळला आणि गराजच्या कोपऱ्यात, गवतात, अंडी दिसली. आता उबवू द्यायची सोय नव्हती. एक पिल्लू झालं तरी सहाच्या वर, मग सगळीच जाणार.

काकू दोन दिवस त्या कोपऱ्याकडे गेल्याच नाहीत. विनीतानं समजावलं, "आई, there's nothing inside yet. It's just breakfast." काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की पोरगी दप्तर उचलून शाळेला पळाली.

तिसऱ्या सकाळी मी मका घेऊन गेले, तेव्हा काका गराजच्या दारात उभे होते. "तू आत जा," ते काकूंना म्हणत होते. "मी काढतो. तू बघूच नकोस."

"नाही. पूल मी धुते, घाण मी काढते. मग हे तुमच्या माथी का मारू?"

त्या गवतात बसल्या. बदकिणीनं फिस्स करून मान लांब केली आणि मनगटाला चावा घेतला. काकूंनी हात मागे घेतला नाही. तिच्या पोटाखालून एकेक अंडं काढलं आणि पदरात ठेवलं. ओठ घट्ट मिटलेले. शेवटचं अंडं काढलं तेव्हा म्हणाल्या, "ऊन आहे गं नीला."

मी पुढे झाले, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं. पदर सावरत त्या अंगण ओलांडून मिसेस नोवाकच्या दाराशी गेल्या आणि बेल वाजवली. गराजपाशी आम्हाला काही ऐकू आलं नाही. मिसेस नोवाकनी एक वाडगं आणलं, काकूंनी त्यात अंडी ठेवली. मग काकू रिकामा पदर झटकून परत फिरल्या.

घरी येऊन काकूंनी डोक्यावरून अंघोळ केली. ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला धरून रडल्या, आवाज न करता. काका नुसते शेजारी उभे राहिले.

मग काकूंनी डोळे पुसले आणि वाटीत मूग भिजत घातले.

"उद्या परत घालतील त्या," काकू काकांना म्हणाल्या. "मला लवकर उठवा."