पडद्यामागची जागा

पडद्यावर एक घोडा सावकाश जिना चढत होता आणि भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरत होतं. काळापांढरा सिनेमा, गोष्ट अशी नाहीच. कोलकात्यात मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते, त्या काकूंनी मला हौसेनं आणलेलं. चौथीत शाळा सुटलेली मी. त्यांनी काही विचारलं तर, या धास्तीनं मी पडद्यावरची नजर हलवली नाही. मग ते घड्याळ ओळखीचं वाटलं. गावी तंबूतल्या सिनेमाला पुरुष पुढे आणि आम्ही बाया पडद्यामागे बसायचो. तिथनं घड्याळं उलटीच फिरायची, नायक डाव्या हातानं जेवायचा, तरी आई पदर भिजेस्तोवर रडायची. सुलटं दिसलं तरच मन भरून येतं, असं थोडंच आहे!

बाहेर आल्यावर काकू हसल्या, “मला ओ की ठो कळलं नाही गं. तुला?”

“मला आई आठवली,” मी भीतभीत म्हणाले.

“कशी होती गं ती?”

हे मात्र मला येत होतं.