एक भोक वाऱ्याला

हिराजी मेस्त्री गाडी दातांनी ऐकायचे. खोटं नाही सांगत! तीन वर्षं मी रोज डोळ्यांनी बघितलंय. मोडक्या वल्ह्याची तासून केलेली हातभर सागाची काठी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. लहानपणी दोन्ही कान सारखे फुटून वाहायचे, तेव्हा कोळीवाड्यात औषध कुठलं मिळायला! ऐकू येणं जवळजवळ गेलंच. पण आवाज हाडांमधूनही आत पोचतो, हे मी नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं होतं आणि मेस्त्रींना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. "कान फसवतील गो सिस्टरबाय," म्हणायचे, "दात फसवत न्हाय."

आता गाडीचं सांगते, नाहीतर काहीच कळायचं नाही. आमचा फिरता दवाखाना होता. मुंबईतल्या एका ट्रस्टने लष्कराच्या लिलावातली लढाईच्या वेळची ॲम्ब्युलन्स घेतली होती, ती मेस्त्री किहीमपासून पार मुरूडपर्यंत गावोगाव चालवत न्यायचे. महिन्यातले वीस दिवस आम्ही त्या गाडीतच राहायचो. आत एक खाट, औषधांचं कपाट, स्टोव्ह, भिंतीला टांगलेली पातेली. रात्री मी आत झोपायचे, डॉक्टर गावच्या शाळेत आणि मेस्त्री गाडीखाली चटई टाकून. मी नवीनच लागले तेव्हा त्यांना विचारलं, "मेस्त्री, खाली का झोपता? शाळेत या ना." त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं (आवाज चढवावा लागायचाच नाही, नुसते ओठ हलवले तरी त्यांना कळायचं) आणि म्हणाले, "होडीवाला होडी सोरून झोपतो काय?"

कारण त्यांच्या लेखी ती होडीच होती. नारळी पौर्णिमेला सगळे कोळी होड्यांची पूजा करायचे, मेस्त्री गाडीची करायचे! बॉनेटला हळदकुंकू, चाकांना फुलं. आणि होडीवाल्यांची एक खोड त्यांच्या हातात अशी मुरली होती की काय सांगू. भोक दिसलं की बुजवायचं. राळ वितळवायची, त्यात कापूस भिजवायचा आणि अंगठ्याने दाबून बसवायचा, होडीच्या फटी बुजवतात तसा. गाडीच्या टपाची भोकं बुजवली, ते ठीक. पण माझी गळकी बादली, डॉक्टरांची छत्री, एकदा तर डॉक्टरांच्या बुटाचा तळवासुद्धा! डॉक्टर दिवसभर चिकट पावलं टाकत हिंडत होते. चिडले तर मेस्त्री म्हणतात, "पानी शिरलं का? न्हाय ना? मंग?"

फक्त एका ठिकाणी ते स्वतः भोक पाडायचे, आणि एक नाही, दोन. शहाळ्याला. किहीमला माडाखाली बसून पहिलं शहाळं त्यांनी मला दिलं तेव्हा मी विचारलं, दोन कशाला? "एक तोंडाला, एक वाऱ्याला," ते म्हणाले. "वारा आत गेल्याबिगर पानी भायेर येत न्हाय. फुकट कोनी काय देत न्हाय गो, शहालापन न्हाय." मला ते इतकं आवडलं की मी घरी पत्रात लिहून पाठवलं!

मग त्या वर्षी पावसाळा संपल्यावर ट्रस्टचे सेक्रेटरीसाहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात वही. त्यांनी गाडी बघितली, मेस्त्रींना दोनदा हाक मारली, मेस्त्रींची पाठ होती म्हणून कळलं नाही. साहेब डॉक्टरांना म्हणाले, "गाडी भंगार आणि ड्रायव्हर बहिरा. अहो, चाललंय काय?" डॉक्टर म्हणाले, मागून हॉर्न वाजला की सिस्टर त्यांच्या खांद्यावर टिचकी मारतात, एकदाही अपघात नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाले, "उद्या मी स्वतः बसतो. काशीदचा चढ माणसं भरून चढली तर ठेवू. नाही चढली तर लिलाव, आणि इकडचा दवाखाना बंद."

बंद! चौलच्या पुढे तेव्हा दुसरा डॉक्टरच नव्हता. गाडी आली की बायका टोपल्या टाकून धावत यायच्या, लेकरं काखेत. मी मेस्त्रींना सगळं ओठांनी सांगितलं, बहिरा म्हणाले तेसुद्धा, कारण त्यांच्यापासून काही लपवलेलं त्यांना आवडायचं नाही. ते इतकंच म्हणाले, "बहिरा हाय तर बहिरा म्हनतील. गाडी चढेल." आणि संध्याकाळभर गाडीभोवती फिरत राहिले, राळेचं भांडं घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी समोर उभं राहून पेट्रोल भरून घेतलं, तेही मलमलीतून गाळून! म्हणाले, "मागाहून कचरा होता, पाणी होतं, अशी सबब नको." रेवदंड्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेल्या, त्यावर गाडी चढवायची. लाटांचं पाणी सपासप गाडीवर उडत होतं, पण आत थेंब आला नाही, आणि मेस्त्री खूश. पलीकडे उतरलो. कोर्लईपर्यंत गाडी लोण्यासारखी. मी मनात म्हटलं, जिंकलो!

आणि काशीदच्या चढाला लागलो तसा गाडीचा जीवच गेला. धक्का नाही, फटाका नाही, नुसती ताकद ओसरत गेली, तापातून उठलेल्या माणसासारखी. मेस्त्रींनी गिअर बदलला, गाडी थरथरली आणि बंद पडली. चाकांना दगड लावले. थोडा वेळ थांबलो आणि काय नवल, एका झटक्यात सुरू! शे-दीडशे पावलं चढली, परत बंद. परत थांबलो, परत सुरू, परत बंद. साहेब खाली उतरले, धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "इंजिन संपलंय हो. इथे बघण्यासारखं काही नाही."

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं. प्लग काढून बघितले, ठिणगी नीट पडत होती. कार्बोरेटर उघडला तर आत कोरडा ठक्क. म्हणजे पेट्रोलच येत नव्हतं. पेट्रोलची नळी सोडवून तोंडाने फुंकली, साफ. मग मला स्टार्टर मारायला सांगितला आणि पंपावर काठी टेकवून दातांत धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग काठी काढून म्हणाले, "पंप चोखतोय गो. जीव लावून चोखतोय. पन घोट येत न्हाय."

टाकी तर भरलेली! ते उठले, मागे गेले, मी त्यांच्या पाठोपाठ. डॉक्टर आणि साहेब पुढच्या बाजूला सावलीत उभे होते. मेस्त्रींनी टाकीच्या झाकणावर तळहात ठेवला आणि ते फिरवलं. फुऽऽस! टाकीने एवढा मोठा श्वास आत ओढला की मी दचकलेच. त्यांना ऐकू आलं नाही, पण तळहाताला कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले, "हवा आत गेली!"

मला एकदम सलाइनची बाटली आठवली. बाटलीच्या बुचात हवेची सुई खुपसली नाही तर थेंब पडायचा थांबतो, वर बाटली भरलेली असली तरी! मेस्त्रींनी झाकण उजेडात धरलं. मधोमध टाचणीएवढं भोक असतं, वारा आत जायला. ते बुजलेलं होतं. ताजी राळ, आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा.

कुणाचा अंगठा ते सांगायला नको.

त्यांनी आपला अंगठा त्या ठशावर टेकवून बघितला. "डोका सायबाकडं व्हता," हळूच म्हणाले, "हात होडीवर व्हता."

मी इंजेक्शनची सुई आणली आणि भोक मोकळं केलं. कितीसा वेळ लागला? दोन मिनिटं! मग मी ओठांनीच म्हटलं, मेस्त्री, कुणी बघितलेलं नाही. काही बोलू नका. गाडी आपोआप चालू झाली म्हणा.

त्यांनी मान हलवली. "आपोआप बंद पडते ती आपोआप चालू व्हते. अशी गाडी सायब ठेवील काय? पेट्रोल त्यांनी स्वता गाललंय. मंग उरला कोन? इंजिन, न्हायतर मी." आणि झाकण हातात घेऊन सरळ साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"सायब, इंजिन चांगला हाय. खोट माझी."

साहेबांना कळेचना. मेस्त्रींनी झाकण दाखवलं, राळेचा काढलेला गोळा दाखवला, त्यावरचा ठसासुद्धा. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही स्वतःच गाडी बंद पाडलीत?"

"व्हय. काल सांजच्याला. होडीवानी भोक बुजवला."

"हे मला वहीत लिहावं लागेल, मेस्त्री. कळतंय ना?"

"लिवा. पन गाडीचा येगला लिवा, माझा येगला लिवा."

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, मेस्त्रींनी हात वर केला. मग सगळे आत बसलो. आणि ती गाडी अशी चढली म्हणून सांगू! डॉक्टर, साहेब, मी, खाट, कपाट, पातेली वाजताहेत खणखण, आणि इंजिन एकदाही अडखळलं नाही. माथ्यावर समुद्र दिसला तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. आणि मग साहेबांना वहीत लिहिताना बघितलं आणि हात तिथेच थांबले. गाडी ठेवावी. ड्रायव्हर बदलावा. दोन वेगळ्या ओळी, मेस्त्रींनी सांगितल्या तशाच.

महिन्याभराने नवा ड्रायव्हर आला. चांगला आहे बिचारा, दोन्ही कान शाबूत. मेस्त्रींनी त्याला आठवडाभर सगळं शिकवलं, जराही हातचं न राखता. मला राग येत होता, त्यांना नाही. "बाय, गाडी पास झाली ना," इतकंच सारखं. शेवटच्या दिवशी काठी माझ्या हातात ठेवली. टोकाला दातांचे खोल वण. मी म्हटलं, उकळून घेऊ का आधी? त्यांनी माझे ओठ वाचले आणि इतके हसले की खोकला लागला! मग मी ती न उकळताच दातांत धरली, दुसरं टोक इंजिनावर. आणि अहो, सगळं माझ्या डोक्याच्या आत! पंपाची टिकटिक, वाल्व्हची टकटक, खाली कुठेतरी संथ घरघर. त्यांनी विचारलं, "काय म्हनतेय?" मी काठी दातांतून सोडलीच नाही. त्यांनी चेहऱ्यावरून काय वाचायचं ते वाचलं.

आता ते रेवदंड्याला खाडीकाठी होड्यांच्या फटी बुजवतात. महिन्यातून दोनदा आमची गाडी तिथून जाते. लांबून दिसली की हात पुसत येतात. मी कशी आहे विचारत नाहीत, डॉक्टर कसे आहेत तेही नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवतात, मग मागे जाऊन टाकीचं झाकण बघतात. मी रोज सकाळी त्यातून सुई फिरवते हे त्यांना माहीत आहे, तरी बघतात. काळ्या राळेने भरलेला तो अंगठा त्या भोकापासून चांगला दोन बोटं लांब धरून.

मग माडाखाली बसून शहाळं सोलतात. पहिलं भोक पाडतात, आणि कोयता माझ्या हातात देतात. दुसरं मी पाडायचं.